लेपाचा तळ वाचवा: मत्स्यव्यवसाय आयुक्त आणि मच्छीमार संस्थांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि किनाऱ्यावरील सर्व मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मासेमारी बंदी उठली की दरवर्षी जे सुरू होते ते यंदाही सुरू झाले आहे. अंधार पडला की ट्रॉलरचे, म्हणजे तळावरून जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचे, दिवे किनाऱ्याला इतके जवळ येतात की इंजिनाचा आवाज घरात ऐकू येतो. सकाळी जेटीवर पापलेट, सुरमई, म्हाकूल, कोळंबी निवडून घेतात आणि उरलेला ढीग फावड्याने टेम्पोत भरतात. त्या ढिगाला किनाऱ्यावर कुटा म्हणतात. तो पुढे खतासाठी किंवा फिशमीलच्या कारखान्यात जातो. त्यात बोटाएवढे लेप असतात, तळहातावर मावतील अशी भाकसाची पिल्ले असतात. ती वेगळी काढून मोजताना मी कुणाला पाहिलेले नाही.

हे पत्र या चपट्या माशांबद्दल आहे, आणि त्याहून अधिक ते ज्या तळावर जगतात त्या तळाबद्दल. आयुक्त महोदय, आपल्याला लिहिते कारण नियमांचा मसुदा आपल्या टेबलावरून पुढे जातो. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना लिहिते कारण ते नियम पाण्यात पाळायचे की नाही हे शेवटी आपल्या सभासदांच्या बोटींवर ठरते. आणि उघड लिहिते, कारण ताटात मासा घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवे.

मी मालवण तालुक्यातल्या गाबीत घरातली. घराचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा होता आणि आई बाजारात मासळी घेऊन बसायची. सुरमई-पापलेट विकायचे आणि लेप घरी आणायचे, अशी रीत होती. लेपाला भाव नव्हता, पण चव होती. मधला काटा अलगद काढला की दोन्ही बाजूंचे मांस मोकळे होते, म्हणून आमच्याकडे लहान मुलाच्या ताटात पहिला मासा पडायचा तो लेपाचा. आगोटीच्या आधी लेप वाळवून ठेवले की पावसाळ्याची सोय व्हायची. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. चपट्या माशांचा भाग शिकवायचा असला की पूर्वी बाजारात जाऊन हवा तो नमुना निवडून आणता यायचा. आता लेप मिळतात ते बारके, आणि भाकस मिळण्यासाठी मासळीवालीला आधी सांगून ठेवावे लागते. हा माझ्या बाजाराचा अनुभव म्हणून कुणी बाजूला ठेवला तरी चालेल. पण या माशाचे शरीर कसे घडते आणि तो कुठे राहतो हे एकदा नीट समजून घेतले, तर पुढच्या तक्रारी बाजूला ठेवता येणार नाहीत. म्हणून आधी तेवढे सांगते.

लेपाची अंडी पाण्यात तरंगतात. त्यातून निघालेले पिल्लू चपटे नसते. ते इतर माशांसारखे सरळ पोहते आणि त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे त्याच्या शरीरात थायरॉइडच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि सगळी घडणच बदलू लागते. कवटीची हाडे पिळवटतात. एक डोळा हळूहळू सरकत माथा ओलांडून दुसऱ्या बाजूच्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. पिल्लू एका कुशीवर कलते, तळाला टेकते आणि मग आयुष्यभर त्याच कुशीवर राहते. वरच्या बाजूला मातीचा रंग चढतो, खालची बाजू पांढरट राहते. माशाला पाण्यात तोलून धरणारी हवेची पिशवी मोठ्या लेपात नसते. तळ सोडून पाण्यात अधांतरी राहायची सोयच त्याच्या शरीरात उरत नाही.

या रूपांतरातही प्रकार आहेत. आपल्या जेटीवर येणारे जिभेच्या आकाराचे लेप सायनोग्लॉसस या गटातले. त्यांचे दोन्ही डोळे डाव्या बाजूला असतात, छातीचे पर नसतात आणि शेपटीचा पर पाठीच्या व पोटाच्या परांना जोडलेला असतो. सोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुळात डोळे उजवीकडे असतात. जगभरात चपट्या माशांच्या सुमारे 800 जाती आहेत आणि बहुतेक कुळांत डोळ्यांची बाजू ठरलेली आहे.

भाकसाची गोष्ट वेगळी. त्याच्यात काहींचे डोळे डावीकडे, तर काहींचे उजवीकडे सापडतात. सरकणारा डोळा पलीकडे पूर्ण पोहोचत नाही, माथ्याच्या कडेवरच थांबतो. पाठीचा पर इतर चपट्या माशांसारखा डोक्यावर पुढे येत नाही, मागेच सुरू होतो. तोंड मोठे, दात मजबूत, आणि मासे मारून खाणारा हा शिकारी साठ सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो. सेट्टोडिस हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि आज जिवंत असलेल्या चपट्या माशांत त्याची शाखा सर्वांत जुन्या शाखांपैकी मानली जाते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1871मध्ये डार्विनला याच माशांवरून अडवले होते. डोळा अर्धाच सरकलेला असेल तर त्याचा माशाला काय उपयोग, आणि उपयोग नसेल तर असा मासा टिकेल कसा, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे ठोस उत्तर मिळायला 2008 साल उजाडले. मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या बोल्का इथल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अभ्यास करून दाखवले की तेव्हा खरोखरच अर्धवट सरकलेल्या डोळ्याचे मासे होते. उत्क्रांतीचा इतका जुना टप्पा अंगावर वागवणारा मासा आपल्या समुद्रात आहे. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाने काळजीपूर्वक जपावा असा हा जीव, आणि त्याची पिल्ले आपल्या जेटीवर फावड्याने उचलली जातात. शिक्षक म्हणून मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

आता तळाबद्दल. लेपाला मऊ चिखल लागतो, किंवा चिखल मिसळलेली बारीक रेती. तो परांच्या कडा हलवून अंगावर गाळ ओढून घेतो आणि फक्त डोळे वर ठेवतो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरू शकतात. त्याचे अन्नही त्याच चिखलात असते: नळ्या करून राहणारे किडे, बारीक शिंपले, कोळंबीच्या कुळातले लहान जीव. भाकस रेती-चिखलाच्या तळावर, बहुधा थोड्या खोल पाण्यात राहतो. पिल्ले मात्र उथळ पाण्यात मोठी होतात. किनाऱ्यालगतचा चिखल आणि खाड्यांची मुखे ही चपट्या माशांच्या पिल्लांची जागा, मग ती सावित्री-वाशिष्ठीची खाडी असो वा वाघोटन, गड आणि कर्लीची. ज्या पट्ट्यात डोल (प्रवाहात रोवलेले पिशवीसारखे जाळे) लागते, रापण ओढली जाते, तिथेच ही पिल्ले असतात.

मलबार किनाऱ्यावरच्या लेपाचा 1950च्या दशकात शेषप्पा आणि भीमाचार या शास्त्रज्ञांनी कालिकतला सखोल अभ्यास केला. त्यांना दिसले की पावसाळ्यात हा मासा किनारा सोडून खोल पाण्याकडे जातो आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा उथळ पाण्यात येतो. पावसाळ्यातल्या उपासाची खूण त्याच्या खवल्यांवर वळ्याच्या रूपाने राहते आणि त्या वळ्यांवरून वय काढता येते. अंडी घालण्याचा काळ पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढे बरेच महिने चालतो. हाच मलबारी लेप आपल्या किनाऱ्यावरही येतो. म्हणजे केरळच्या किनाऱ्यावर सत्तर वर्षांपूर्वी मांडून ठेवलेले ज्ञान हाताशी आहे. आपले नियम त्याच्याकडे पाहून झालेले नाहीत, ही माझ्या सगळ्या तक्रारींची मुळातली तक्रार.

पहिली तक्रार किनाऱ्यालगतच्या मर्यादेची. 1981च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली किनाऱ्याजवळ, कुठे पाच तर कुठे दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीच्या आत, यांत्रिक ट्रॉलिंगला मनाई आहे. 2021मध्ये कायदा दुरुस्त झाला, दंड वाढले, निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून आपल्या खात्याकडे आले. 2025च्या जानेवारीपासून ड्रोनची गस्तही सुरू झाली. ही पावले योग्यच होती आणि त्यांचे स्वागत आमच्या गावांनी केले. तरीही रात्री मर्यादेच्या आत ट्रॉल ओढले जातात. बाहेरच्या राज्यांतल्या वेगवान ट्रॉलरबद्दल सिंधुदुर्गात वर्षानुवर्षे आंदोलने झाली, पण आपल्याच बंदरांतल्या लहान ट्रॉलरबद्दल सगळे गप्प बसतात. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

यात लेपाचे नुकसान इतर माशांपेक्षा जास्त का होते ते त्याच्या स्वभावात आहे. बांगडा किंवा तारली आवाजाने बुजून दिशा बदलते. लेप संकट आले की हलत नाही. गाळात अंग दाबून तो पडून राहतो, कारण शिकारी माशापासून त्याचा जीव त्यानेच वाचतो. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या आणि तळाशी घासत येणारा दोर अगदी अंगावर आल्यावरच तो उठतो आणि सरळ जाळ्यात शिरतो. शिवाय फळ्या आणि दोर चिखलाचा वरचा थर उलटापालटा करतात. नळ्यांतले किडे उघडे पडतात, शिंपले फुटतात, गाळ वर उठून दूरवर जाऊन बसतो. पेरलेल्या शेतात दर चार दिवसांनी नांगर फिरवला तर जे उगवेल, तेच त्या तळावर उगवते. मासा जाळ्यातून सुटला तरी त्याला परतायला भरलेला तळ राहत नाही.

दुसरी तक्रार जाळ्याच्या आसाची, म्हणजे छिद्राची, आणि ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटर चौकोनी आस असावा, असा आग्रह राज्यात धरला गेला. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पात चौकोनी आसाच्या जाळ्याचा प्रसार झाला. उद्देश चांगला होता. ओढताना ताण आला की नेहमीचा तिरपा आस मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो आणि लहान मासे बाहेर पडतात. पण हे गोल किंवा निमुळत्या अंगाच्या माशांचे झाले. युरोपातल्या जाळ्यांच्या चाचण्यांत चपट्या माशांबाबत बहुधा उलटा अनुभव आला आहे: रुंद, पातळ अंगाचा मासा चौकोनी छिद्रात अडतो आणि तिरप्या, फटीसारख्या आसातून अधिक सहज सुटतो. आपला लेप युरोपातल्या माशांपेक्षा अरुंद, जिभेसारखा आहे आणि भाकस रुंद, जाड अंगाचा. त्यामुळे तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. म्हणूनच इथल्या पाण्यात, इथल्या लेपावर आणि भाकसावर चाचणी हवी. चौकोनी आस लावला म्हणजे सगळ्या पिल्लांची सोय झाली, असे धरून चालणे बरोबर नाही. चौकोनी आस काढून टाका, असे मी म्हणत नाही. कोळंबीबरोबर ओढल्या जाणाऱ्या इतर पिल्लांना त्याचा फायदा आहे. पण तळाच्या माशाला फक्त जाळ्याच्या छिद्राने वाचवता येत नाही. त्याला अशी जागा लागते जिथे जाळे ओढलेच जात नाही.

तिसरी तक्रार कुट्याची. 2023मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले. दोन्ही निर्णय चांगले. पण आकार मोजला जातो तो जेटीवर, मासा मेल्यावर, आणि तोही ज्याचा लिलाव होतो त्याचा. कुट्याच्या ढिगाला लिलावाची टोपली नाही, निवड नाही, मोजपट्टी नाही. तो वजनावर जातो. जोवर लहान मासा वजनावर विकला जातो, तोवर तो समुद्रात सोडून देण्याचे खलाशाला काही कारण नाही. बाजारात पिल्लू विकणाऱ्या कोळीणीला हटकणे सोपे असते. टनावारी कुटा उचलणाऱ्या गाडीला कोण हटकते?

चौथी तक्रार दिनदर्शिकेची, आणि ती थोडक्यात सांगते. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या बंदीने तळाला विसावा मिळतो, अनेक जातींना फायदा होतो. ही बंदी कमी करण्याचा विचारही कुणी करू नये. पण लेप उथळ पाण्यात परततो आणि अंडी घालू लागतो ते बंदी संपल्यानंतर. नेमके तेव्हा सगळे ट्रॉलर किनाऱ्याशी असतात. एकाच तारखेच्या बंदीत सगळ्या माशांचे वेळापत्रक बसत नाही.

खाड्यांबद्दलही एक ओळ. खाडीच्या तळातून सक्शन पंपाने वाळू उपसली जाते तिथे पिल्लांचा तळच उचलून नेला जातो. परवाने महसूल खाते देते हे मला माहीत आहे. मत्स्यव्यवसाय खात्याने त्या परवान्यांवर आपले मत लेखी नोंदवावे आणि ते लोकांना वाचायला द्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आणि उत्तरेकडे वाढवण. डहाणूजवळ उभ्या राहणाऱ्या या बंदरासाठी 1,448 हेक्टर समुद्र भरून जमीन केली जाणार आहे, दहा किलोमीटरहून लांब बांध घातला जाणार आहे आणि भरावाची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून काढली जाणार आहे. तिथल्या मच्छीमारांचा लढा जुना आहे आणि माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे. या पत्रापुरते एवढेच म्हणते की भराव पडलेल्या तळावर तळाचा मासा परत येत नाही. दगडी बांधाच्या आसऱ्याने दुसरे मासे येतील, खडकातली कालवे येतील, लेप येणार नाही. कारण त्याला लागतो तो चिखल तिथे नसेल. अशा ठिकाणी नुकसानभरपाईचा हिशेब बोटी आणि घरे मोजून थांबतो. तळाचा हिशेब कुणी मांडला असेल तर तो मराठीत, गावात, लोकांसमोर यायला हवा.

हे सगळे अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. पॅसिफिक महासागरातल्या हॅलिबट या चपट्या माशासाठी अमेरिका आणि कॅनडाने 1923मध्ये करार करून संयुक्त आयोग नेमला. शंभर वर्षांनंतरही तो मासा तिथे पकडला जातो, तोही मुख्यतः गळाच्या दोरीने. 81 सेंटिमीटरहून लहान हॅलिबट व्यावसायिक मच्छीमाराने ठेवायचा नाही, असा नियम आहे. हाँगकाँगने 2012च्या अखेरीस आपल्या पाण्यात ट्रॉलिंग पूर्ण बंद केले. श्रीलंकेने 2017मध्ये कायद्याने तळाचे ट्रॉलिंग बंद केले.

उत्तर समुद्राचा अनुभव मात्र सावध करणारा आहे आणि तोही सांगितला पाहिजे. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगत प्लेस या चपट्या माशाच्या पिल्लांसाठी 1989मध्ये एक मोठा पट्टा राखला गेला. 300 अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॉलरना तिथे बंदी झाली, आधी वर्षाचा काही भाग आणि 1995पासून वर्षभर. अपेक्षा होती की पिल्ले वाचतील आणि मासा वाढेल. पुढे पिल्लेच त्या पट्ट्याबाहेर खोल पाण्याकडे सरकलेली दिसली आणि लहान ट्रॉलर आत ओढतच राहिले. त्या पट्ट्याने नेमके काय साधले यावर तिथले शास्त्रज्ञ वाद घालत राहिले. यातून राखीव पट्टे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष कुणी काढू नये. नकाशावर रेघ मारण्याआधी तिथे काय आहे ते मोजा, रेघ मारल्यावरही मोजत राहा आणि लहान ट्रॉलरना मोकळीक देऊ नका, हे त्यातून घ्यायचे आहे.

ट्रॉलरवर पोट असणाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. डिझेलचा खर्च, बँकेचा हप्ता, तांडेलाचा पगार भागवायला कुट्याचे पैसेही लागतात, हे त्यांनीच मला सांगितले आहे. म्हणून ज्या लहान ट्रॉलरला दुसऱ्या मासेमारीकडे वळायचे आहे त्याला सरकारने हात दिला पाहिजे. नुसती दंडाची पावती देऊन तो वळणार नाही, तो फक्त अंधाराची वाट पाहील.

यापुढे मागण्या.

दहा वावांच्या आत कुठल्याही मोसमात, कुठल्याही आकाराच्या यांत्रिक बोटीने ट्रॉल ओढू नये, असा एकच स्पष्ट नियम संपूर्ण किनाऱ्याला लावावा. जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी खोली आणि त्यातून निघणाऱ्या पळवाटा बंद व्हाव्यात. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला वाढवणच्या पायाभरणीबरोबरच मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजनाही सुरू झाली. ती यंत्रे संकटात बोट शोधण्यासाठी आहेतच. रात्री मर्यादेच्या आत कोण होते हे तपासायलाही त्यांची नोंद वापरावी, आणि झालेल्या कारवाईची बंदरवार यादी दर महिन्याला जाहीर करावी.

खाड्यांच्या मुखांजवळचे पिल्लांचे पट्टे स्थानिक मच्छीमार आणि संशोधक यांनी मिळून शोधावेत. पाऊस संपल्यापासून निदान काही महिने तिथे तळ घासणारी सगळी मासेमारी थांबावी. रापण आणि गळ यांना त्यात अडवू नये. कोणता पट्टा, किती महिने, हे पाहणी करून ठरवा. सुरुवात सिंधुदुर्गातल्या दोन-तीन खाड्यांपासून केली तरी चालेल, पण ती पुढच्या हंगामात व्हावी.

लेप आणि भाकस यांच्यासाठी वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांची चाचणी आपल्याच पाण्यात, आपल्याच बोटींवर घ्यावी. निकाल येईपर्यंत चौकोनी आसाची सक्ती नीट पाळली जावी.

ससून डॉक, सातपाटी, हर्णै, मिरकरवाडा, देवगड आणि मालवण या बंदरांवर कुट्याच्या ढिगातून ठरावीक दिवशी नमुना घ्यावा. जाती, लांबी आणि वजन नोंदवावे आणि ते मराठीत प्रसिद्ध करावे. फिशमील कारखान्यांनी कोणत्या बंदरातून किती माल उचलला याची नोंद ठेवणे त्यांच्या परवान्याची अट करावी.

लहान ट्रॉलर मालक आणि खलाशी यांना जाळे बदलायला किंवा ट्रॉलिंग सोडायला अनुदान द्यावे. त्यात खलाशाचा वाटा मालकाच्या मर्जीवर सोडू नये.

वाढवणच्या भरावाच्या जागेतल्या आणि दमणजवळच्या वाळू काढायच्या तळावरच्या जीवांची पाहणी, आधीची आणि पुढची, खात्याने मागवून घ्यावी आणि डहाणू-पालघरच्या गावांत वाचून दाखवावी.

मच्छीमार संस्थांकडे माझी मागणी एकच आहे. आपल्या सभासदाच्या बोटीने मर्यादेच्या आत ट्रॉल ओढला तर संस्थेने स्वतः त्याचे डिझेल परताव्याचे कागद रोखून धरावेत आणि तसा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. बाहेरच्या ट्रॉलरविरुद्ध आपण एकत्र उभे राहता, तसेच इथेही राहा.

आयुक्त महोदय, पुढच्या 1 जूनच्या आत या मागण्यांना मुद्देवार लेखी उत्तर मिळावे आणि ते जाहीर व्हावे, अशी विनंती करते. जी मागणी मान्य नाही तिचे कारणही त्यात असावे. कुट्याच्या नमुन्यांसाठी मनुष्यबळ नाही, असे उत्तर असेल तर आमच्या महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची मुले मालवणच्या जेटीवर ते काम करायला तयार आहेत. त्यांना लेप आणि भाकस ओळखता येतात, लांबी मोजता येते आणि वही ठेवता येते. ढिगापाशी उभे राहण्याची लेखी परवानगी मात्र आपल्याकडून हवी.

आपली,
मालवण तालुक्यातील प्राणिशास्त्राची एक शिक्षिका